कोण म्हणतं एकशे ऐंशी?

आमच्या घरमालक काकांना चहा द्यायचा तर आधी ते कुठे आहेत याचा शोध घ्यावा लागे. कप हातात घ्यायचे अंगणात, पहिला घोट जिन्यावर, दुसरा गच्चीच्या दारात, आणि रिकामा कप काकूंना संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर सापडायचा. पेणमध्ये त्यांच्या तळमजल्यावर आम्ही सहा वर्षं भाड्याने राहिलो. त्या सहा वर्षांत ते वरच्या मजल्यावर किती वेळा चढले-उतरले याचा हिशेब लागणं अशक्य आहे, पण त्यांच्या चपलांचा आवाज थांबला की मीच दचकून वर बघायची.

उभ्या जन्मात त्यांनी एकच काम केलं होतं. कारखान्यातले काटे तपासायचे. दाबाचे, तापमानाचे, पाण्याच्या पातळीचे. आधी काही वर्षं रोह्याला, मग नागोठण्याजवळ. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, तपासणं सुटलं नाही. कुणी सहज म्हटलं, "काका, आज फार उकडतंय," तर ते लगेच विचारत, "किती?" माझ्या नवऱ्याला एकदा ताप आला होता. मी म्हटलं, एकशे एक आहे. काका दारातून म्हणाले, "कोण म्हणतं?"

हे त्यांचं पालुपद होतं. कोण म्हणतं? स्टँडवर कंडक्टर म्हणाला, गाडी पाच मिनिटांत सुटेल, तर त्यालाही विचारायचे, "कोण म्हणतं?" तो वैतागून म्हणायचा, "मी म्हणतो!" मग काका खाली उतरून ड्रायव्हर जागेवर आहे का ते बघून यायचे. काकू सांगायच्या, "माझ्या डाळीतपण तापमान मोजायची नळी बुडवतात गो. मी म्हटलं, एक दिवस मलाच उकळून बघा."

माझा नवरा डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर होता, पाळ्या सतत बदलत. घरात एकटीला करमेना म्हणून मी मोबाइलवर बघून बघून केक शिकले. नानकटाई, पाव, मग वाढदिवसाचे केक. एक मध्यम आकाराचा ओव्हन घेतला. गल्लीतून ऑर्डरी येऊ लागल्या. पण माझा केक मधोमध बसायचा. कडेला फुगलेला, मध्ये खड्डा. मी त्यात क्रीम भरून वेळ मारून न्यायची आणि रात्रभर मनात तोच खड्डा घेऊन झोपायची.

एकदा तसा खड्डा पडलेला केक ओट्यावर होता आणि काका भाडेपावती द्यायला आले. पावती त्यांच्या हातातच राहिली.

"किती तापमानाला केलास, बाय?"

"एकशे ऐंशीला."

"कोण म्हणतं एकशे ऐंशी?"

"हे काय, बटणावर लिहिलंय."

काकांनी बटणाकडे असं पाहिलं, जसं शाळेतले मास्तर कॉपी करणाऱ्या पोराकडे बघतात. "बटण काय आत जाऊन बघून येतं? तो नुसता आकडा छापलेला हाय. आतमध्ये काय चाललंय ते आत बसणाऱ्याला विचारायला पायजे." एवढं बोलून ते निघाले, फाटकापर्यंत गेले, परत आले. "चल."

"कुठे?"

"काटा घ्यायला."

बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात ओव्हनमध्ये टांगायचे गोल तबकडीचे थर्मामीटर मिळत. दुकानदाराने एक काढून दिला. काका म्हणाले, "सगळे काढ." पाच निघाले. काकांनी ते एका फळीवर ओळीने मांडले आणि दोन पावलं मागे सरकून बघत राहिले. एक म्हणत होता वीस, एक म्हणत होता पंचेचाळीस, तिघे तिसाच्या आसपास.

"एकच फळी, एकच पंखा," काका दुकानदाराला म्हणाले, "आणि पाच जण पाच गोष्टी सांगतायत. ह्यातला कोणता विकतोस तू?"

"काका, घरगुती वापराला चालतो."

"घरगुती माणसाला खरं लागत नाय काय?"

एकमेकांशी जुळणारे तिघे त्यांनी बाजूला काढले. पण तिघांचं जुळलं म्हणून ते खरे ठरत नाहीत, तिघे मिळून खोटं बोलत असतील, असं म्हणत ते शेजारच्या चहावाल्याकडे गेले आणि त्याच्या उकळत्या पातेल्यावर, वाफेत, एकेक काटा चिमट्याने धरून उभे राहिले. आमचं पेण समुद्राच्या पातळीला, इथे पाणी शंभरालाच उकळतं, हा त्यांचा भरवसा. गिऱ्हाईकं खोळंबली. चहावाला म्हणाला, "काका, तुमचा काटा शिजला का?" दोन काटे नव्वदीतच अडखळले, तिसरा हळूहळू चढून बरोबर शंभरावर थांबला. तो आम्ही घेतला.

नवऱ्याने दरम्यान ऑनलाइन एक पिस्तुलासारखं यंत्र मागवलं होतं. लांबून नेम धरायचा, घोडा दाबायचा, आकडा येतो. मला ते फार आवडलं. काकांनी ते तापलेल्या स्टीलच्या डब्यावर रोखलं, आकडा आला अडतीस. मग मला म्हणाले, "लाव हात." मी अर्थातच लावला नाही. "चकचकीत वस्तूवर हे आपल्या मागच्या भिंतीचंच तापमान सांगतं," काका म्हणाले. "आणि हवा तर ह्याला दिसतच नाय. तवा बघायला ठीक. ओव्हनला नाय."

शेवटी त्यांनी स्वतःचा तारेचा मीटर आणला. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी दिलेला. आकडे दाखवणारी छोटी डबी आणि तिला लांब बारीक तार. तारेचं टोक ओव्हनच्या मधोमध ठेवायचं, दार लावायचं, डबी बाहेर ओट्यावर. आधी त्यांनी ते टोक माझ्यासमोर बर्फाच्या पाण्यात बुडवलं, शून्य. उकळत्या पाण्यात, शंभर. "बघ," म्हणाले, "आता ह्याच्यावर बाकीचे तपासायचे."

बटण एकशे ऐंशीवर ठेवलं. वीस मिनिटं थांबायचं, म्हणाले, कारण आतली सळई पेटते-विझते, आकडा वरखाली होतो, त्यातला मधला धरायचा. ही वीस मिनिटं त्यांनी स्वयंपाकघर ते फाटक अशा फेऱ्या मारत काढली. मीही मागे मागे. मीटर म्हणाला, दीडशे. आत टांगलेली तबकडी मात्र म्हणत होती, एकशे पंच्याऐंशी.

काका बराच वेळ काचेतून बघत राहिले. मग तबकडी निवल्यावर तिच्यामागे लावायला त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली आणि तिच्यावर पेनाने लिहिलं, "खोटा." मला म्हणाले, "वाफेत खरा, ओव्हनमध्ये खोटा. बटण दोनशे दहावर ठेवत जा, आत एकशे ऐंशी मिळेल."

तबकडी फेकवेना म्हणून मी ती आतच टांगून ठेवली.

ही बातमी गल्लीत पसरली. पेणमध्ये घरी केक करणाऱ्या बायका कमी नाहीत. महिनाभरात काकांनी सात घरचे ओव्हन तपासले. तारेवर एका जागी त्यांनी लाल चिकटपट्टी गुंडाळली होती, तेवढी तार दाराबाहेर ठेवायची, म्हणजे टोक बरोबर मधोमध. सातही ओव्हन थंड निघाले, सगळे तीसेक अंशांनी. कुणी म्हणालं, "काका, तुमचा आकडा धरल्यापासून तळ करपतो." ते म्हणाले, "मग भांडं पातळ हाय." मी दिवाळीची नानकटाई केली. ती जरा जास्तच लाल झाली, पण लोक म्हणाले, छान खरपूस आहे. मला वाटलं, हाच तो खरा आकडा.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिली मोठी ऑर्डर आली. पलीकडच्या गल्लीतल्या मुलीचा साखरपुडा, दोन मजली केक. आदल्या दुपारी मी दोन्ही थर एकत्र भट्टीत लावले, बटण दोनशे दहावर. काकांनी बजावलं होतं म्हणून मीटरही लावला होता. तो एकशे ऐंशी दाखवत होता. पंधराव्या मिनिटाला वास आला. मी मनाला समजावलं, मीटर सांगतोय ना. पंचविसाव्या मिनिटाला दार उघडलं तर वरचा पापुद्रा कोळशासारखा, मधून फाटलेला, आणि फटीतून कच्चं पीठ बाहेर येत होतं.

दुसरा करायला अंडी होती, पण साखरपुडा सकाळचा, भाजून निववून सजवायला वेळ नव्हता. संध्याकाळी मुलीची आई केक कसा दिसतो ते बघायला आली. तिने ओट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी सगळ्यांना सांगितलं होतं गो, आपल्या गल्लीतलीच करणार म्हणून." ती गेल्यावर मी भांडी घासत राहिले. घासून झालेलीही पुन्हा घासली.

काका दोनदा जिना उतरून आले आणि दोनदा परत गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "पीठ पातळ झालं असेल." त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच ते स्वतःशी बोलतायत असं वाटलं.

दोन दिवसांनी मी रिकामा ओव्हन लावला, बटण तेच, दोनशे दहावर. मीटर आत, दार बंद. एकशे अठ्ठ्याहत्तर. वाळलेले कपडे काढायला अंगणात जाताना माझा धक्का लागून दार जरासं सुटलं. सहज डबीकडे लक्ष गेलं. दोनशे बारा.

मी दार पुन्हा दाबलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. बोटभर सोडलं. दोनशे बारा. दार उघडल्यावर ओव्हन गरम होतो हे कुठल्या शास्त्रात बसतं? मी तार ओढून बाहेर काढली. लाल पट्टीपाशी, नेमकी जिथे दाराची कड दाबत होती तिथे, वरचं जुनं आवरण चिरलं होतं. आतल्या दोन तारा दार लागलं की एकमेकींना टेकत होत्या, आणि तारा जिथे टेकतात तिथलंच हा मीटर मोजतो, म्हणून तो ओव्हनच्या पोटातलं नाही, दाराच्या फटीतलं तापमान सांगत होता. पाण्यात बुडवला तर खरा, कारण तिथे त्याला दाबायला कुणी नव्हतं. खोटा ठरवलेली तबकडी आत टांगलेली होती. दोनशे पंधरा दाखवत होती. पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती.

आणि माझा ओव्हन पहिल्यापासून ठीकच होता. केक बसायचा, कारण मी दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायची.

मी आधी काकूंकडे गेले. तार दाखवली. त्यांना तारेतलं काही कळलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून त्या खाली बसल्या.

"सांगू का त्यांना?"

"सांग. पण मी असताना सांग." मग म्हणाल्या, "रोह्याला असताना असंच झालं होतं गो. एका मोठ्या भांड्याचा दाबाचा काटा ह्यांनी आपल्या टेबलावर तपासला, बरोबर म्हणून चिठ्ठी लावली. भांड्यावर बसवल्यावर तो कमी दाखवत होता. ज्या खोबणीत बसवला, तिच्यात गाळ साचला होता म्हणे. ऑपरेटरनं काटा बघून झाकण उघडलं नि वाफेत उजवा हात गेला त्याचा, पार भाजला. चौकशीत ह्यांना विचारलं, काटा कसा होता? हे म्हणाले, बरोबर होता. टेबलावर परत लावून दाखवला, बरोबरच निघाला. त्यानंतर हा माणूस घरात थांबलाय कधी?"

मी काकांना सांगितलं. काकू दारात उभ्या होत्या. मी दार दाबून दाखवलं, सोडून दाखवलं. काकांनी तार हातात घेतली, नखाने चिरलेली जागा उलगडली आणि मग स्वतःच्या हाताने चार-पाच वेळा दार उघड-बंद केलं. मला वाटलं ते वाद घालतील. ते म्हणाले, "टेबलावर बरोबर. जागेवर चूक." हे दोनदा म्हणाले. मग चपला घालून बाहेर पडले आणि हाक मारली, "बाय, तूपण चल. मी बोललो तर त्यांना पटणार नाय, तू दाखव."

आम्ही सातही घरी गेलो. प्रत्येक घरी ते उंबऱ्यापाशी उभं राहून एकच वाक्य बोलायचे, "माझा आकडा चुकला, तुमचा ओव्हन बरोबर हाय." कुणी हसलं, कुणी म्हणालं, एवढ्यासाठी आलात? जिचं भांडं पातळ ठरवलं होतं तिने मात्र नवं भांडं आणून दाखवलं. काकांनी ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "जुनंच चांगलं होतं." मग साखरपुड्याच्या घरीही गेलो, तिथे ते सगळ्यात जास्त वेळ थांबले. त्या बाईंना म्हणाले, "हिचा हात चांगला हाय. चूक माझी." बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बरं." पुढच्या महिन्यात त्यांच्याकडून पावाची ऑर्डर आली.

सगळी घरं झाली तरी काका घराकडे वळेनात. स्टेशनच्या रस्त्याला लागले. "एक राह्यलंय," म्हणाले. "रोह्यात."

माझं माहेर रोह्याचं. मी येते म्हटलं. रविवारी सकाळच्या गाडीने निघालो. गाडी रिकामी होती आणि काकांनी पेण ते रोहा एवढ्या अंतरात पाच जागा बदलल्या. नागोठण्याला ते दारात जाऊन उभे राहिले. मला एकदम वाटलं हे इथेच उतरून परत जाणार. गाडी सुटली, ते आत आले आणि म्हणाले, "किती वाजले?" मी वेळ सांगितली. कोण म्हणतं, असं त्यांनी विचारलं नाही.

घर नदीच्या बाजूला होतं. पडवीत एक माणूस शेंगा सोलत बसला होता, डाव्या हाताने. उजव्याची बोटं वळलेली, एकमेकांना चिकटल्यासारखी. आम्ही फाटक लोटलं तरी त्याने मान वर केली नाही.

काका म्हणाले, "ओळखलंस?"

"चाल ओळखली. फाटकापासूनच." आता त्याने वर पाहिलं. "इतक्या वर्षांनी काय काम काढलंस?"

"तो काटा."

"कुठला?" असं म्हणाला खरा, पण शेंग सोलायची थांबली.

काका उभेच होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. "माझ्या टेबलावर बरोबर होता. तुझ्या भांड्यावर चुकीचा होता. मी जागेवर येऊन बघितला नाय. चिठ्ठी लावली नि चहाला गेलो. चौकशीत म्हटलं, काटा बरोबर होता. ते खोटं नव्हतं. पण खरंपण नव्हतं."

पलीकडे नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

"कंपनीनं दवाखान्याचा खर्च केला," तो माणूस म्हणाला. "साहेब येऊन गेले. सगळे म्हणाले, नशीब. पण तू काटा बरोबर होता म्हणालास, म्हणजे चुकलं कोण? मी. मी काटा न बघताच झाकण उघडलं, असंच सगळ्यांना वाटलं. इतकी वर्षं सांगतोय, मी बघितला होता. कमी दाखवत होता म्हणूनच उघडलं. हिलापण वाटतं, माझंच लक्ष नव्हतं."

आतून त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच थांबली. त्याने तिच्याकडे बोट केलं. "मला नको सांगू. हिला सांग."

काका तिच्याकडे वळले. तिने तांब्या छातीशी धरला होता. काका म्हणाले, "वहिनी, त्यानं काटा बघितला होता. काटाच खोटा होता. तो मी पास केला होता."

त्या बाईने तांब्या खाली ठेवला. नवऱ्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या मांडीवरची सुपली ओढून घेऊन शेंगा सोलू लागली. भराभर, मान खाली घालून. कुणी आम्हाला बसा म्हटलं नाही, कुणी जेवून जा म्हटलं नाही. थोड्या वेळाने काका म्हणाले, "येतो." तो माणूस म्हणाला, "हं."

मला वाटलं होतं, आता काका निवतील. तसं काही झालं नाही. परतीच्या गाडीत त्यांनी तितक्याच जागा बदलल्या आणि घरी आल्यावर चपलांचा आवाज आणखी वाढला. तारेचा मीटर त्यांनी नवी तार लावून कपाटात ठेवून दिला. कुणी ओव्हन बघायला बोलावलं तर म्हणायचे, "तबकडी घ्या, वाफेवर धरून बघा, मग आत मधोमध टांगा. मला नका विचारू." माझा केक आता बसत नव्हता, पण त्यांना दाखवायला जावं तर ते खिडकीतून गल्लीकडे बघत फेऱ्या मारत. काकू म्हणायच्या, "तिकडून काही आलं नाय ना, म्हणून." तिकडून काय यायचं होतं ते मात्र आम्हा तिघांपैकी कुणालाच नीट सांगता आलं नसतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी काका माझ्याकडे पाण्याचा पंप बघायला आले होते, तेव्हा त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज मोठा होता, मला ओट्यापाशी ऐकू येत होता.

"सुनेनं ओव्हन घेतलाय," रोह्याचा तो माणूस म्हणत होता. "दुकानवाला म्हणतो आकडा बरोबर हाय. मी तिला म्हटलं, आपला माणूस येऊन बघेपर्यंत लावायचा नाय. तू ये. दुसऱ्या कुणाचा आकडा आमच्या घरात चालायचा नाय. ऐकतोस ना? जेवायलाच ये."

काका पंप सोडून वळले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, ओल्या हातानेच मी तो धरला. जिन्यावर चपलांचा आवाज झाला, वर कपाट करकरलं, पुन्हा जिना, मग फाटक.

"हॅलो? गेला कुठं हा?" पलीकडून आवाज आला. "येतोय ना?"

मी खिडकीतून बघितलं आणि म्हटलं, "निघाले."